दयाळ : आमच्या भिंतीतला भाडेकरू

रामटेकला बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी गडावर, तिथून उतरून अंबाळा तलाव, दुपारी खिंडसीला आणि सवड असली तर पेंचच्या जंगलात वाघ पाहायला. महाराष्ट्रातल्या पेंचला १९९९ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ दिसला तर पाहुणे खूश, नाही दिसला तर म्हणतात, पैसे वाया गेले. पण त्याच पाहुण्याला एप्रिलच्या पहाटे आमच्या सांदवाडीत उभे करावे आणि विचारावे, "हा शीळ घालणारा कोण?" तर उत्तर येत नाही.

आता कबूल करायला हरकत नाही, दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हालाही ते उत्तर येत नव्हते. आम्ही बी.कॉम. झालेले, कारकुनी करणारे. कचेरी सुटली की वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहिणे, दाखल्यांसाठी चकरा मारणे, मुलांच्या अभ्यासिकेचा हिशेब ठेवणे, यातच दिवस मावळतो. पाखराकडे मान वर करून पाहायला फुरसत कुणाला? ज्याने आम्हाला मान वर करायला लावली, त्याची ही हकिकत आहे.

आमचे घर जुन्या विटांचे आणि मातीच्या जुडाईचे. मागच्या भिंतीला कधीच गिलावा झाला नव्हता. दर पावसाळ्यात ती भिंत ओल धरायची, आणि आईची खाट नेमकी तिलाच लागून. पतसंस्थेचे कर्ज काढले, गवंडी ठरवला, वाळू आणून टाकली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काम सुरू व्हायचे होते. त्याच्या आठ दिवस आधी आमची सहचारिणी म्हणाली, "मागच्या भिंतीच्या भोकात एक पाखरू गवत नेऊन राहिले आहे."

भिंतीला एक मुठीएवढे भोक होते. कधीकाळी तिथे बल्ली खोचलेली असेल. बल्ली गेली, भोक राहिले. आम्ही पाहिले तर बुलबुलाएवढा एक पक्षी चोचीत वाळलेली मुळी घेऊन आत शिरत होता. अंग करडे, पोट मळकट पांढरे. समोरच्या कडुनिंबावर तिचा जोडीदार बसलेला. तो मात्र पाहण्यासारखा. डोके, छाती, पाठ काळीभोर आणि चकचकीत, पोट पांढरेशुभ्र, पंखावर पांढरा पट्टा, आणि लांब शेपूट सारखी वर उभारलेली. शेजारच्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "अहो, हा दयाळ. हिंदीत दहियर म्हणतात."

वाचकांपैकी पुष्कळांनी हा पक्षी पाहिला असेल, पण नावाने ओळखला नसेल. आपल्याकडे चिरक नावाचा दुसरा एक काळा पक्षी घराभोवती फिरतो. दोघांची गल्लत होते. खूण सोपी आहे. चिरक लहान असतो आणि त्याच्या शेपटीखाली तांबूस रंग असतो. दयाळ त्याच्याहून मोठा, आणि त्याचे पोट नि शेपटीच्या कडा पांढऱ्या. दयाळ खरा झाडोऱ्यातला पक्षी. विरळ जंगल, आमराई, बांबूची बेटे, तलावाकाठची झाडी ही त्याची जागा. पण माणसाच्या वस्तीत चार झाडे, थोडी ओली माती आणि थोडी सावली असली की तो तिथेही राहतो. जमिनीवर टुणटुण उड्या मारत किडे, मुंग्या, अळ्या, गांडुळे टिपतो. एखादे वेळी पालीचे पिल्लूसुद्धा उचलतो. पांगरा, सावरी फुलली की फुलातला मधही पितो. मळ्याला किंवा परसबागेला त्याचा उपद्रव नाही, झाला तर उपयोगच.

गवंडी आला. त्याला भोक दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "साहेब, पाखराचे काय घेऊन बसलात? बोळा कोंबतो, वरून गिलावा मारतो. दोन दिवसांत दुसरी जागा शोधते ते." आम्हाला ते पटले होते, हे खरे आहे. मजुरी ठरलेली, सिमेंटची पोती घरात, कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू. पाखरासाठी काम थांबवले असे कचेरीत सांगितले असते तर लोक हसले असते.

पण आई दारात बसून ऐकत होती. आई मनसरला मँगनीजच्या खाणीवर मजुरी करून आम्हाला वाढवणारी. वडील गेले तेव्हा आम्ही चार वर्षांचे. ती म्हणाली, "बाबू, तुझा बाप मेल्यावर मी दोन पोरं घेऊन खोली शोधत फिरली. जात विचारत आणि खोली भाड्याने गेली म्हणून सांगत. शेवटी एका म्हातारीने गोठ्याची बाजू दिली. पावसाळा निघाला म्हणून तू जिता आहेस. अंडी घातली असतील त्या बाईने. राहू दे महिनाभर."

यावर आम्ही काय बोलणार? गवंड्याला सांगितले, पुढच्या तीन भिंती आधी करा, मागची शेवटी. मोबाईलच्या उजेडात भोकात डोकावलो, तर खरोखरच चार अंडी होती. फिकट निळसर हिरवी, त्यांवर तांबूस ठिपके.

तो महिना आमच्या घरात शाळा भरल्यासारखा गेला. धाकटी मुलगी नववीत. उन्हाळ्याची सुटी. तिने वही केली आणि खाटेवर बसून नोंदी लिहू लागली. पुढे वाचनालयातून पक्ष्यांची पुस्तके आणली, तेव्हा कळले की तिने डोळ्यांनी पाहिलेले बहुतेक सगळे पुस्तकात होते.

पहिली गोष्ट म्हणजे दयाळाला स्वतःचे भोक पाडता येत नाही. सुतार आणि तांबट हे पक्षी चोचीने लाकूड कोरून ढोली करतात. दयाळ, साळुंकी, पोपट, पिंगळा हे तयार ढोलीचे गिऱ्हाईक. कुणी सोडून गेलेली ढोली, कुजलेल्या फांदीचा खड्डा, भिंतीतले भोक, छपराखालची सांद, जे मिळेल त्यात हे संसार मांडतात. म्हणजे जुने झाड गेले किंवा भिंत सपाट झाली की यांचे घरच गेले. अन्न भरपूर असून उपयोग नाही. माणसाचेही असेच आहे. गावात काम मिळते, खोली मिळत नाही.

दुसरी गोष्ट गाण्याची. दयाळाची शीळ गोड, वरखाली होणारी, आणि पहाटे पूर्ण उजाडण्याआधी सुरू होते. झाडाच्या शेंड्यावर किंवा विजेच्या तारेवर बसून तो लांबलचक गातो. मधूनमधून दुसऱ्या पक्ष्यांची नक्कलही करतो. आम्हाला वाटायचे, सकाळची हवा छान म्हणून गात असेल. तसे नाही. मार्च ते जुलै हा त्याचा विणीचा हंगाम. त्या काळात नर गाऊन दुसऱ्या नरांना बजावतो की ही हद्द माझी आहे, इकडे फिरकू नका, आणि मादीला कळवतो की इथे जागा आहे. आमच्या कारकुनी भाषेत सांगायचे तर ते गाणे म्हणजे त्याचा सातबारा आहे, रोज सकाळी मोठ्याने वाचून दाखवलेला. दुसरा नर हद्दीत आला तर छाती फुगवून, शेपूट पसरून, चोच वर करून तो अंगावर जातो. हंगाम संपला की हाच पक्षी गप्प होतो. झुडपांच्या आडोशाने फिरतो आणि नुसता कर्कश चिरकतो. म्हणून पावसाळ्यानंतर लोकांना वाटते, तो कुठे तरी निघून गेला. जात कुठेच नाही. बारमाही इथलाच रहिवासी आहे.

तिसरी गोष्ट आमच्या सहचारिणीने ध्यानात आणून दिली. घरटे बांधले मादीने. अंडी उबवायला बसली मादी, साधारण बारा-तेरा दिवस. पिल्ले निघाल्यावर चारा दोघेही आणू लागले. मुलीने वहीत दोन रकाने पाडून तासभर रेघा मारल्या, तर मादीच्या रकान्यात रेघा जास्त निघाल्या. सहचारिणी म्हणाली, "बघा, भाषण करणारा सगळ्यांना दिसतो. राबणारी कुणाला दिसत नाही." आम्ही सभांमध्ये बोलणारे. गप्प बसलो. पण नराचीही बाजू सांगितली पाहिजे. एका दुपारी मांजर भिंतीजवळ आले तेव्हा तोच त्याच्या डोक्यावरून झेपा घालत ओरडत राहिला. आई काठी घेऊन उठेपर्यंत त्याने मांजराला पुढे सरकू दिले नाही.

चारपैकी तीन अंड्यांतून पिल्ले निघाली. चौथे अंडे तसेच राहिले. साधारण दोन आठवड्यांनी तिन्ही पिल्ले भोकाबाहेर आली. अंगावर तपकिरी ठिपके, शेपूट आखूड. एक तर सरळ आईच्या खाटेवर उतरले. मग झुडपात शिरली. पुढे बरेच दिवस मायबाप त्यांना चारत फिरताना दिसायचे.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पण फक्त गोड भाग सांगणे बरोबर नाही. त्यासाठी काय मोजावे लागले तेही सांगतो. पिल्ले उडाली तेव्हा मे संपत आला होता. गवंडी दुसऱ्या कामावर लागला होता. तो जूनच्या मध्यावर परत आला आणि दोनच दिवसांत पाऊस सुरू झाला. मागची भिंत त्या वर्षीही उघडीच राहिली. आईची खाट पुढच्या खोलीत हलवली. ठेवलेल्या सिमेंटपैकी दोन पोती दगड झाली. दिवाळीनंतर गिलावा झाला तेव्हा मजुरी वाढली होती. घरात त्यावरून बोलणेही झाले. आई तेवढी एकदा म्हणाली, "गोठ्यातल्या म्हातारीलेही काही तोटा झालाच असेल ना?"

गिलावा करताना आम्ही गवंड्याला सांगितले, भोक तेवढे ठेवा. त्याने मन लावून काम केले. भोकाच्या कडा गुळगुळीत केल्या, आतून सफाई केली, आणि चांगले दिसावे म्हणून ते थोडे मोठेही केले. आम्ही शाबासकी दिली. पुढच्या मार्चमध्ये दयाळाची जोडी आली, नराने आत डोकावून पाहिले. पण चार दिवसांत तिथे साळुंक्या शिरल्या. साळुंकी अंगाने मोठी आणि भांडखोर. जुन्या भोकात तिला शिरणे जमत नसे. आमच्या हौसेने केलेल्या नव्या भोकात ती आरामात मावली. दयाळ जोडी गेली ती गल्लीच्या टोकाच्या वाळलेल्या आंब्याच्या ढोलीत. भले करायला जावे आणि नीट विचारून न केल्याने भलत्याचेच भले व्हावे, हा अनुभव सरकारी योजनांत आम्ही अनेकदा घेतला आहे. या वेळी तो आम्हीच दुसऱ्याला दिला.

हा प्रकार काही फक्त आमच्या गल्लीतला नाही. सिंगापूर हे शहर आज झाडांसाठी नावाजलेले आहे. तिथे एके काळी दयाळ सर्रास दिसे. पण १९७० च्या दशकात तो तिथून जवळजवळ नाहीसा झाला होता. कारणे मुख्यतः दोन. गाण्यासाठी लोकांनी त्याला पकडून पिंजऱ्यात घातले, आणि बाहेरून आलेल्या साळुंकीच्या जातींनी त्याच्या ढोल्या बळकावल्या. पुढे बाहेरून पक्षी आणून सोडावे लागले, तेव्हा तो पुन्हा दिसू लागला. आपल्या शेजारच्या बांगलादेशात मात्र तो राष्ट्रीय पक्षी आहे. तिथे त्याला दोयेल म्हणतात. दोन टाक्याच्या जुन्या नोटेवर त्याचे चित्र छापलेले होते आणि ढाक्यात त्याच्या नावाचा चौक आहे. सामान्य माणसाच्या हाती रोज फिरणाऱ्या नोटेवर सामान्य माणसाच्या अंगणातला पक्षी, हे आम्हाला आवडले.

पिंजऱ्याचे निघाले म्हणून सांगतो. आपल्याकडेही पूर्वी गाण्यासाठी आणि झुंजीसाठी दयाळ पाळत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आज दयाळ पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. पोपटालाही हेच लागू आहे, हे आपल्या पुष्कळ घरांना ठाऊक नाही. कायदा बाजूला ठेवला तरी एवढा विचार करा. जो पक्षी हद्द सांगण्यासाठी गातो, त्याला हातभर पिंजऱ्यात ठेवून त्याचे गाणे ऐकायचे, म्हणजे बेघर केलेल्या माणसाकडून त्याच्या घराचा पत्ता वदवून घेण्यासारखे आहे.

कुणी म्हणेल, आपल्या लोकांपुढे नोकरीचे, शिक्षणाचे, घराचे प्रश्न असताना हे पाखरांचे काय काढले? आम्हीही पूर्वी असेच म्हणालो असतो. पण हे ज्ञान काही बंगलेवाल्यांची मिरासदारी नाही. विदर्भाच्या जंगलांत वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची कितीतरी माहिती आणि नावे आदिवासींकडून आणि जंगलात राबणाऱ्या माणसांकडून गोळा केली. त्यांचा पक्षिकोश पाहावा. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, आणि पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवला आहे. त्या आठवड्यात आपल्या अभ्यासिकांतून मुलांना तलावाकाठी न्यावे. दुर्बीण नसली तरी चालते. आमच्या मुलीकडे एक वही आणि एक खाट होती.

आता कामाचे सांगतो. आपल्या वस्त्यांत घरकुले होत आहेत, कुडाच्या आणि मातीच्या भिंती जाऊन सिमेंट येत आहे. ते व्हायलाच पाहिजे. ओल्या भिंतीला टेकून झोपण्यात कसलाही मोठेपणा नाही, हे आमच्या आईला विचारा. पण नव्या भिंतीत भोक नसते, म्हणून बाहेर एक जागा आपण द्यावी. लहान मडके घ्यावे. त्याच्या बाजूला मूठ जाणार नाही एवढेच भोक पाडावे. आमच्यासारखी हौस करू नये. पाणी साचू नये म्हणून तळाला एक बारीक छिद्र ठेवावे. तोंड झाकणाने घट्ट बंद करावे. छपराच्या सावलीत किंवा झाडावर, आठ-दहा फूट उंच, मांजर पोहोचणार नाही असे पक्के बांधावे. मग रोज जाऊन डोकावू नये. अंडी असताना सारखी ये-जा झाली तर पक्षी घरटे सोडतो. आणि अंगणात एखाद्या कोपऱ्यात पडलेला पालापाचोळा तसाच राहू द्यावा. त्यातच त्याचा किराणा असतो. जुने झाड वाळले आणि कुणाच्या अंगावर पडण्याची भीती नसेल, तर लगेच कुऱ्हाड लावू नये. वाळल्या झाडात जितकी बिऱ्हाडे असतात तितकी हिरव्यात नसतात.

हे लिहीत असताना मार्च संपत आला आहे. गल्लीच्या टोकाचा वाळलेला आंबा नाली रुंद करायच्या कामात तोडला गेला. नाली वस्तीला हवीच होती. तिच्या अर्जावर आमचीच सही पहिली आहे. म्हणून आम्ही दोन मडकी बांधली, एक कडुनिंबाला आणि एक मागच्या छपराखाली. भिंतीतले भोकही गवंड्याकडून पूर्वीएवढे लहान करून घेतले. त्याने या वेळी न हसता केले आणि स्वतःच्या घरासाठी एक मडकेही मागून नेले.

काल पहाटे नर कडुनिंबावर बसून बराच वेळ गात होता. मादी मडक्याच्या कडेवर उतरली, आत पाहिले आणि उडून गेली. अजून काडी नेलेली नाही. आई रोज सकाळी उठल्याबरोबर विचारते, "आली का जी भाडेकरीण?" आम्ही म्हणतो, पाहून गेली आहे, विचार करत असेल. जागा पाहायला आलेल्याला दार लावून घेतले नाही, एवढेच आपल्या हातात असते.